मधल्या अंकाची कैफियत

‘टर्फ वॉर्स’ संपत येतं तेव्हा हॅमरहेड हरलेला असतो. न्यूयॉर्कच्या टोळ्या मुठीत घ्यायला निघालेला हा दांडगा गुंड जमिनीवर पडलाय आणि स्पायडरमॅनच्या हिशेबी काम झालंय. आता बेड्या घालायच्या आणि गाडी बोलवायची, एवढंच बाकी. तेवढ्यात पोलीस कॅप्टन युरी वातानाबे पुढे येते आणि पडलेल्या माणसाच्या डोक्यात गोळी घालते. जिच्या एका फोनवर आपण अख्ख्या मॅनहॅटनभर जाळी फेकत पळालो, जिच्यावर पूर्ण गेमभर डोळे मिटून विश्वास टाकला, तिच्या हातून हे घडतं.

या गोष्टीतले हे दोन आवाज एकाच घरातले आहेत. स्पायडरमॅनला, म्हणजे पीटर पार्करला, आवाज दिलाय युरी लोवेन्थालने आणि कॅप्टन वातानाबेला टारा प्लॅटने. दोघं नवरा-बायको. आपल्याकडच्या ज्या मुलांनी ‘बेन टेन: एलियन फोर्स’ इंग्रजीतून पाहिलं त्यांच्या कानांत लोवेन्थालचा आवाज केव्हाच बसलेला आहे. ‘नारुतो’च्या इंग्रजी आवृत्तीत तो सासुके आणि ती तेमारी. आवाजाच्या अभिनयावर दोघांनी मिळून एक पुस्तकही लिहिलंय. कॅप्टनचं पात्र कॉमिक्समधून आलेलं, तिचं नावही तिथूनच आलेलं आणि ते नेमकं नवऱ्याच्या नावाशी जुळलं. त्यामुळे गेममध्ये पीटर जेव्हा जेव्हा ‘युरी’ म्हणून हाक मारतो, तेव्हा एक नट आपल्याच नावाने आपल्या बायकोला हाक मारत असतो. हे एकदा कळलं की तिच्याबरोबरचे पीटरचे सगळे फोन वेगळे ऐकू यायला लागतात.

‘टर्फ वॉर्स’ २० नोव्हेंबर २०१८ ला आलं. ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन’ या गेमसाठी इन्सोम्नियाक गेम्सने ‘द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स’ या नावाने तीन पुरवणी कथा काढल्या, त्यातली ही दुसरी. पहिली ‘द हाइस्ट’ २३ ऑक्टोबरला आली होती, तिसरी ‘सिल्व्हर लायनिंग’ २१ डिसेंबरला आली. तिघींत समीक्षकांकडून सर्वांत थंड स्वागत झालं ते या मधलीचं. खलनायक सपाट आहे, मारामारी तीच ती आहे, शत्रूंना उगाच जास्त चिवट केलंय, असे शेरे पडले. त्यातले बरेचसे खरेही आहेत. तरी माझं ठाम मत आहे की तिन्हींत सर्वांत मोलाचं काम याच मधल्या भागाने केलं. ते काम दिसायला पाच वर्षं लागली आणि परीक्षण लिहायला मात्र तेव्हा जेमतेम एक आठवडा मिळत होता.

थोडं मागे जायला हवं, कारण सुपरहिरो गेमच्या पुरवण्यांकडे संशयाने बघायची सवय समीक्षकांना बॅटमॅनने लावली.

लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने २००९ साली ‘अर्खम असायलम’ काढला, आणि सुपरहिरोंचे गेम म्हणजे सिनेमाच्या पाठोपाठ घाईने उरकलेला माल, ही समजूत एका फटक्यात गेली. या गेममधला एक किस्सा जाणकार अजून रंगवून सांगतात. वॉर्डन क्विन्सी शार्पच्या कचेरीत एक भिंत होती. साधी भिंत. तिच्यावर स्फोटक जेल एकदा मारून काही होत नसे, पुन्हा पुन्हा मारावी लागे. मग ती फुटे आणि आत पुढच्या गेमचा, म्हणजे ‘अर्खम सिटी’चा आराखडा टांगलेला दिसे. गेम आला, लाखोंनी खेळला, महिने गेले, कुणालाही ती खोली सापडली नाही. शेवटी रॉकस्टेडीनेच सांगून टाकलं. पुढच्या गोष्टीचं बी आधीच पेरून ठेवायचं आणि गप्प बसायचं, ही या लोकांची हौस तेव्हापासूनची.

‘अर्खम सिटी’ ऑक्टोबर २०११ मध्ये आला. त्याच्या शेवटी जोकर मरतो आणि बॅटमॅन त्याचा देह दोन्ही हातांवर घेऊन बाहेर येतो. एक शब्द बोलत नाही. सुपरहिरो गेमांनी दिलेला इतका जड शेवट दुसरा मला आठवत नाही. त्यानंतर मे २०१२ मध्ये ‘हार्ली क्विन्स रिव्हेंज’ ही पुरवणी आली तेव्हा साहजिकच सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: त्या माणसाच्या मनात आता काय चाललंय? पुरवणीने ती दिलीच नाही. बॅटमॅन पहिल्यासारखा राहिला नाही, हे रॉबिन आणि ओरॅकल एकमेकांना सांगत राहतात. आपण मात्र त्याच स्टील मिलच्या परिसरात त्याच तऱ्हेची मारामारी करत फिरतो. दोन तासांत संपतं. समीक्षकांनी नाकं मुरडली ती यामुळे.

याच पुरवणीत एका खोलीचा किस्सा आहे. मूळ गेममध्ये हार्लीच्या खोलीत गर्भचाचणीची पट्टी सापडते, ती ‘होय’ सांगणारी. श्रेयनामावली चालू असताना हार्ली अंगाईही गुणगुणते. जोकरचं मूल येणार का, यावर चाहत्यांनी महिनोन्महिने तर्क लढवले. पुरवणीत त्याचं उत्तर एका कोपऱ्यात ठेवलं होतं: एक पाळणा, त्यात जोकरसारखा सजवलेला बाहुला, आणि आजूबाजूला चाचण्यांच्या पट्ट्यांचा खच, सगळ्या ‘नाही’ सांगणाऱ्या. त्या बाईची वेदना मांडणारा त्या दोन तासांतला सर्वांत चांगला क्षण असा सजावटीत बसवलेला, धावत पुढे गेलात तर नजरेतून सुटणारा. मुख्य प्रसंगात तो यायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

पुढची ठिणगी कॅनडात पडली. ‘अर्खम ओरिजिन्स’ हा २०१३ चा गेम वॉर्नरच्या माँट्रियल स्टुडिओने केला. त्यात बग भरपूर होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टुडिओने जाहीर केलं की पुढचा पॅच काढायचा बेत नाही, सगळी टीम नव्या कथेच्या पुरवणीवर लागली आहे. विकलेली वस्तू दुरुस्त करायची नाही आणि वर नवी विकायची, असाच अर्थ पैसे देणाऱ्यांनी काढला आणि संतापले. ती पुरवणी म्हणजे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’, एप्रिल २०१४. तिचं मूळ पॉल डिनीने लिहिलेल्या ‘हार्ट ऑफ आइस’ या १९९२ च्या कार्टून भागात आहे. त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला होता, आणि मिस्टर फ्रीझ या थंड खलनायकाला हृदय दिलं ते त्या भागाने. पुरवणीची सुरुवात छान जमली आहे. वेन मॅनरमध्ये मेजवानी चालू आहे, फ्रीझ घुसतो, आणि ब्रूसला बॅटमॅनचा पोशाख न घालता, पाहुण्यांमधला एक श्रीमंत गृहस्थ म्हणूनच लढत आपल्या तळघरापर्यंत पोचायचंय. अर्खमच्या पुरवण्यांत एवढी ताजी कल्पना क्वचितच सापडेल. पण दोन महिन्यांपूर्वीचा राग गेला नव्हता, आणि परीक्षणांतून पुरवणीच्या गुणदोषांबरोबर तो रागही मोजला गेला.

२०१५ ला ‘अर्खम नाइट’ आला आणि कळस झाला. साठ डॉलरचा गेम, वर चाळीस डॉलरचा सीझन पास. सुरुवातीला त्या पासमध्ये नक्की काय मिळणार हेही धड सांगितलेलं नव्हतं. रेड हूडची कथा अर्ध्या तासाच्या आत संपे. बॅटगर्लची ‘अ मॅटर ऑफ फॅमिली’ त्यातल्या त्यात बरी होती. समुद्रातल्या तेलविहिरीच्या सांगाड्यावर उभारलेलं ओसाड करमणूक-उद्यान, कमिशनर गॉर्डन ओलीस, आणि जोकरच्या आवाजाला पुन्हा मार्क हॅमिल. जागेचं कौतुक झालं, लांबीवर टीका झाली. वर्षाच्या शेवटी ‘सीझन ऑफ इन्फमी’ आलं, त्यातल्या मोहिमा मूळ शहरातच विणलेल्या होत्या आणि तिथे मात्र समीक्षक खरोखर खूश झाले. पण तोवर वर्षभराचं मत बनून गेलं होतं.

आता बॅटमॅन सोडून स्पायडरमॅनकडे येताना मधला दुवा सांगायलाच हवा, कारण तो कचेरीच्या बंद दाराआडचा आहे. २०१४ साली मार्व्हलच्या गेम विभागाचे जे ऑन्ग सोनीच्या मंडळींना भेटले. मार्व्हलला आपल्या पात्रांचे गेम नव्याने, दर्जाने करायचे होते. त्यांनी मायक्रोसॉफ्टकडेही विचारणा केली होती, पण तिथे स्वतःच्या मालिकांवर भर होता. सोनीसमोर ऑन्ग यांनी ठेवलेलं लक्ष्य साधं होतं: अर्खमपेक्षा चांगलं काहीतरी करायचं. पुढे हे काम सोनीने कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या इन्सोम्नियाककडे दिलं. म्हणजे स्पर्धा पहिल्या दिवसापासून बॅटमॅनशी ठरलेली होती, आणि बॅटमॅनच्या पुरवण्यांबद्दलचा संशयही त्याच्याबरोबर वारशाने आला.

मूळ गेम ७ सप्टेंबर २०१८ ला आला आणि पहिल्या तीन दिवसांत ३३ लाख प्रती खपल्या. तीन पुरवण्यांची घोषणा त्याआधीच झालेली होती. एकेकीची किंमत ९.९९ डॉलर, तिन्ही मिळून २४.९९. मूळ गेम खेळताना शहरात जागोजागी मांजरांच्या लहान बाहुल्या दिसतात, पीटरने त्यांचे फोटो काढायचे. शेवटी कळतं की हे सगळं ब्लॅक कॅटचं, फेलिशिया हार्डीचं काम. ती स्वतः येतच नाही. ती यायची होती ऑक्टोबरात. रॉकस्टेडीने भिंतीआड दडवलेलं बी इन्सोम्नियाकने उघड्यावर, छपरांवर आणि कठड्यांवर ठेवलं होतं.

‘द हाइस्ट’चं स्वागत बरं झालं. फेलिशिया पीटरची जुनी मैत्रीण, आणि त्यांच्या बोलण्यात जुन्या ओळखीची चव आहे. ती सांगते की आपल्या मुलाला हॅमरहेडने पळवलंय. पीटर मनातल्या मनात वर्षं मोजायला लागतो, आणि त्याच वेळी प्रेयसी मेरी जेनशी बोलताना त्याची जी तारांबळ उडते ती लोवेन्थालने नुसत्या श्वासांवर उभी केली आहे. मूल नसतंच, तो तिचा डाव असतो. याच भागात एक म्हातारा निवृत्त पोलीस पीटरला चोरीची चित्रं शोधायला लावतो. चित्रं शोधून झाल्यावर कळतं की हा पोलीस नव्हेच, तो फेलिशियाचा बाप वॉल्टर हार्डी, जुना अट्टल चोर, ज्याला जग मेलेला समजत होतं. ही साइड मोहीम मला मुख्य कथेपेक्षा जास्त आवडते. बापाने पोरीची काळजी एका अनोळखी नायकाच्या हातून करून घेतली आणि तोंडातून एक अवाक्षर काढलं नाही.

शेवटी फेलिशियाच्या घरात स्फोट होतो, पडदा पडतो. पुढचं महिन्याने.

इथेच खरी अडचण सुरू होते. तीन अंकी नाटकाचं परीक्षण पहिल्या अंकानंतर छापलं, दुसऱ्यानंतर वेगळं छापलं, तिसऱ्यानंतर आणखी एक, तर मधल्या अंकाचं काय होईल? मधल्या अंकाचं काम गाठ आवळणं असतं. पहिल्याची नवलाई त्याच्याकडे नसते, तिसऱ्याचा निकालही नसतो. प्रत्येक भाग स्वतंत्र विकला गेला म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र गुण मिळाले, यात समीक्षकांची चूक मी म्हणत नाही. वाचक त्यांना विचारत होता, दहा डॉलर घालू की नको? त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिलं. मात्र पीटर आणि वातानाबेच्या गोष्टीत पुढे काय होणार, हे त्या उत्तरात मावणारं नव्हतं.

‘टर्फ वॉर्स’ची सुरुवात एका फसलेल्या छाप्याने होते. वातानाबेचे सहकारी हॅमरहेडच्या माणसांकडून मारले जातात. मूळ गेममध्ये हीच बाई पीटरच्या थिल्लरपणाला कंटाळून फोन ठेवायची. पीटर जाडाभरडा आवाज काढून ‘स्पायडर-कॉप’ होतो, जुन्या पोलीसपटातल्या फौजदारासारखा बोलतो, आणि ती वैतागते. पुढे एकदा ती स्वतःच त्या खेळात सामील होते, तेव्हा खेळणारा प्रत्येक माणूस हसतो. त्या हशावर ‘टर्फ वॉर्स’ उभं आहे. आता पीटरचे विनोद तिच्यापर्यंत पोचत नाहीत. फोनवरची वाक्यं तुटक होतात. ती हॅमरहेडशिवाय कशाबद्दल बोलत नाही. ज्या दोन माणसांचं नातं बहुतेक फोनवर चाललं, त्यांच्यातली दरी वाढताना आपल्याला फक्त ऐकू येते, आणि ती ऐकवण्याची जबाबदारी दोन नटांवर आहे. टारा प्लॅटने हे काम किती जपून केलंय याची नोंद तेव्हाच्या परीक्षणांत मला फार कमी दिसली.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर इन्सोम्नियाकची एक करामत सांगतो. पीटर इमारतींमधून झोके घेत असतो आणि एकीकडे फोनवर बोलत असतो. प्रत्यक्षात असा माणूस धापा टाकत बोलेल. मग तो एखाद्या छपरावर थांबला तर? स्टुडिओने यासाठी त्याचे संवाद दोनदा रेकॉर्ड केले. एकदा शांत उभं राहून बोलल्यासारखे, एकदा दमछाक होत असल्यासारखे. खेळणारा माणूस वाक्याच्या मधेच झोका सोडून कठड्यावर बसला, तर गेम एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर सरकतो आणि पुढचे शब्द शांत आवाजात येतात. हे इतकं बेमालूम होतं की बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्यासाठी नटाला मात्र तीच भावना दोन वेगवेगळ्या श्वासांत धरून ठेवावी लागली. विनोद असेल तर दोन्हीकडे विनोद लागू व्हायला हवा. दुःख असेल तर ते धापांखाली दबून जाता कामा नये.

दोष मी झाकणार नाही. हॅमरहेडकडे डोक्यातल्या पोलादाशिवाय सांगण्यासारखं फारसं काही नाही. मूळ गेममधल्या डॉक्टर ऑक्टोपसच्या कथेत गुरू-शिष्याचं जे दुखणं होतं, त्यापुढे हा गडी फक्त मोठ्याने ओरडतो. शत्रूंचे अड्डे आले की लाटेमागून लाट, ढालवाले, मग आणखी ढालवाले. कठीण करणं म्हणजे शत्रूला जास्त वेळ जिवंत ठेवणं, असा सोपा मार्ग इथे घेतला गेला, आणि त्यावरची टीका योग्यच होती.

आणि स्क्रूबॉल. तिन्ही भागांत डोकं उठवणारी ही पोरगी इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करत पीटरला आव्हानं देते. मारामारीच्या मधेच ठरलेल्या जागी स्वतःचा फोटो काढायचा, गुण मिळवायचे, तिचं किंचाळणं ऐकायचं. प्रेक्षकसंख्येसाठी काहीही करणाऱ्यांची ही टिंगल होती, आणि २०१८ मध्ये ती अगदी वेळेवर होती. पण त्रासदायक माणसाची टिंगल तासभर करायची तर ती टिंगलही त्रासदायक होते. समीक्षक आणि खेळाडू यांचं जितकं एकमत स्क्रूबॉलवर झालं तितकं दुसऱ्या कशावर झालं नसेल. तिला एकदाची बेड्या पडतात तेव्हाचा आनंद मात्र निखळ आहे, तो नाकारता येत नाही.

त्या महिन्यांत स्टुडिओवर बाहेरून येणारा गलका काही औरच होता. गेम येण्याआधी, ऑगस्टमध्ये, कुणीतरी जुन्या झलकीतलं एक डबकं आणि नव्या चित्रातलं तेच डबकं शेजारी शेजारी ठेवलं. नवं डबकं लहान होतं. झालं, ग्राफिक्सचा दर्जा उतरवला म्हणून आरोप सुरू झाले. स्टुडिओ सांगत राहिला की बदल फक्त डबक्याच्या आकारात आहे. पुढे त्यांनी गेमच्या फोटो मोडमध्ये डबक्यांचे स्टिकर्सच घातले, घ्या हवी तिथे हवी तेवढी चिकटवा. मग सॅम रायमीच्या सिनेमातल्या पोशाखाची मागणी सुरू झाली. टोबी मग्वायरने घातलेला, उठावदार जाळ्यांचा तो सूट. प्रत्येक पुरवणीबरोबर नवे सूट येत होते, आणि प्रत्येक वेळी हा का नाही म्हणून शिव्यांची लाखोली. साध्या मागणीची भाषा काही जणांनी धमकावणीपर्यंत नेली. डिसेंबरमध्ये तो सूट आला, सगळ्यांना फुकट, आणि इतका देखणा की शिव्या देणारेच फोटो काढत सुटले. एक पोशाख त्रिमितीत शिवायला, प्रत्येक हालचालीत तो नीट ताणतो की नाही हे तपासायला कलाकारांचे कित्येक दिवस जातात. रोज ओरडा सहन करत कुणीतरी तो बारकाईने करत होतं, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

याच दरम्यान १२ नोव्हेंबरला स्पायडरमॅनचे एक जनक स्टॅन ली गेले. ‘टर्फ वॉर्स’ त्यानंतर आठ दिवसांनी आलं. मूळ गेममध्ये ते एका उपाहारगृहात क्षणभर दिसतात, पीटर आणि मेरी जेनला पुन्हा एकत्र बघून खूश होतात. त्या आठवड्यात पुरवणी उतरवून घेतलेल्या अनेकांनी आधी जुनी फाइल उघडून तो प्रसंग पुन्हा पाहिला असेल, यात मला शंका नाही.

‘सिल्व्हर लायनिंग’वर फार रेंगाळायची गरज नाही. भाडोत्री सैनिकांची म्होरकी सिल्व्हर सेबल आपली चोरीला गेलेली सामग्री परत घ्यायला येते, तिचं कोरडं बोलणं आणि पीटरची बडबड यांची जोडी जमते. गोळी खाऊनही न मेलेला हॅमरहेड निम्मा यंत्र होऊन परततो, हरतो. समीक्षक म्हणाले, शेवट समाधानकारक आहे, मारामारी अजून तीच आहे. बरोबर म्हणाले. त्यात कडेकडेने वातानाबेचा माग निघतो आणि कायद्याची रेघ तिने किती मागे टाकली हे कळत जातं. शेवटी पीटर दुसरा स्पायडरमॅन होऊ घातलेल्या माइल्स मोरॅलेसला शिकवायला घेतो.

या पुरवण्यांवरून इन्सोम्नियाकने एक धडा घेतला असावा, असा माझा कयास आहे. जून २०२० मध्ये ‘माइल्स मोरॅलेस’ जाहीर झाला तेव्हा सोनीच्याच एका अधिकाऱ्याच्या बोलण्यातून असं वाटलं की ही जुन्या गेमची पुरवणी आहे. लगेच खुलासा आला: स्वतंत्र गेम आहे. शहर तेच मॅनहॅटन होतं, फक्त बर्फाने झाकलेलं. कथा मूळ गेमपेक्षा बरीच लहान होती. म्हणजे पुरवण्यांवर ज्या दोन गोष्टींसाठी ठपका ठेवला गेला, त्या दोन्ही इथे होत्या. तरीही मेटाक्रिटिकवर त्याचा सरासरी गुणांक ८५ आहे आणि मूळ गेमचा ८७. नायक नवा, त्याच्या अंगातली वीज नवी, हार्लेममधलं त्याचं घर, आई, मित्र सगळं त्याचं स्वतःचं, ही गुणवत्ता तर आहेच. पण गोष्ट अखंड मिळाली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका बैठकीत तोलता आली, हेही तितकंच खरं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिला तीन तुकड्यांत काढलं असतं तर माइल्स आणि त्याची जुनी मैत्रीण फिन यांची मैत्री तुटण्याचा भाग पुन्हा मधल्या अंकात आला असता, आणि त्याला सर्वांत कमी गुण पडले असते, असं मी पैजेवर सांगेन.

आता तर सगळंच बदललंय. २०२० च्या रीमास्टर आवृत्तीत आणि २०२२ मध्ये पीसीवर आलेल्या आवृत्तीत तिन्ही पुरवण्या मूळ गेमसोबतच येतात. पीटरचा चेहराही बदलला. आधीच्या जॉन बब्नियाकच्या जागी बेन जॉर्डनचा चेहरा आला, त्यावर वेगळा गदारोळ झाला. आज नव्याने खेळणारा माणूस ‘द हाइस्ट’च्या स्फोटानंतर त्याच रात्री ‘टर्फ वॉर्स’ सुरू करतो. त्याला महिनाभर थांबावं लागत नाही, दहा डॉलरचा हिशेबही करावा लागत नाही. सलग खेळताना दोन गोष्टी होतात. ढालवाल्यांच्या लाटा २०१८ पेक्षाही जास्त कंटाळा आणतात, कारण मधे विसावा नसतो. आणि वातानाबेची घसरण मात्र अंगावर येते. स्पायडर-कॉपचा विनोद अजून कानांत ताजा असतो, आणि ती गोळी झाडते.

२० ऑक्टोबर २०२३ ला ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन २’ आला. फेलिशिया पुन्हा दिसली. त्यात एका आगी लावणाऱ्या पंथाचा माग काढताना पीटरला रात्रीच्या छपरांवर एक मुखवटाधारी भेटते, जिला शहर ‘रेथ’ म्हणून ओळखतं. कॉमिक्स वाचणाऱ्यांना मुखवट्याआड कोण आहे हे आधीच माहीत होतं. ज्यांनी ‘टर्फ वॉर्स’ खेळलं होतं त्यांना ती तिथवर कशी पोचली हेही माहीत होतं: कुठला छापा फसला, कोण मेलं, कुणाच्या डोक्यात गोळी गेली, आणि पीटरने काय म्हणून तिला अडवायचा प्रयत्न केला. ज्यांनी ते दहा डॉलर वाचवले होते, त्यांच्यासाठी युरी वातानाबे वर्दी उतरवून थेट मुखवट्यातच उगवली. त्या मोहिमेच्या टोकाला पंथाचा म्होरक्या म्हणून क्लीटस कसाडीचं नाव उघड होतं, आणि त्याच्यामागे कोण जाणार, हे ठरवताना पीटर आणि ती पुन्हा एकदा वाद घालतात.

‘स्पायडरमॅन २’ला कथेची एकही पुरवणी आली नाही. पीसी आवृत्ती जाहीर करतानाच स्टुडिओने सांगून टाकलं की तसा बेत नाही. कसाडीचा माग घेत निघालेली ती बाई त्यामुळे अजून वाटेतच आहे.